पुस्तकात नसलेलं ‘उगी’

लालबाग,
डिसेंबर, शुक्रवार दुपार

प्रिय नूपुर,

संध्याकाळी पाणी आलं की आपल्या चाळीत एकदम सगळीकडे बादल्या वाजायला लागायच्या, ते आठवतं का गं? आपण दोघी खोलीत निळ्या पट्ट्यांच्या सतरंजीवर बसलेल्या असायचो. पुस्तक माझ्या मांडीवर आणि तू पुस्तकाच्या मांडीवर. पिंप भरायला मला उठावंच लागे. मग तू उघड्या पानावर तळहात दाबून बसायचीस, गोष्ट उडून जाऊ नये म्हणून. एकदा नळावर भांडण जुंपलं आणि मला परत यायला बराच वेळ लागला. आले तर तू तशीच. नाकावर माशी बसली होती, नाक वाकडंतिकडं करून तू ती उडवत होतीस, पण हात काढला नव्हतास. उंदीर मुरंबा करायला घेतात ते पान. त्यावर तुझ्या तळहाताचा घामट डाग पडला. काल मुद्दाम काढून पाहिलं, डाग अजून आहे.

दिवाळीच्या आधी तुझा मेसेज आला. तुझ्या श्रेयाला आता चित्रांची पुस्तकं पुरत नाहीत, पाच मिनिटांत संपतात आणि ती ‘अजून’ म्हणत बसते. रोज थोडं थोडं वाचता येईल अशी मोठी, पण मवाळ पुस्तकं सुचव, असं तू लिहिलंस. लांडग्याच्या गोष्टीनंतर ती आठवडाभर तुमच्या दोघांच्या मध्ये झोपली म्हणे. आणि त्याखाली लिहिलंस, ‘नाहीतर असं कर मावशी, तूच वाच. तिची झोपायची वेळ म्हणजे तुझी दुपार. मी रोज व्हिडिओ कॉल लावून देईन. मला तुझ्यासारखं नाही जमत.’ मी ‘बघते’ एवढंच कळवलं. पुढे तू फोन केलेस, मी घेतले नाहीत. मग आलं, ‘मावशी, रागावलीस का?’ नाही गं. तुझ्यावर रागवायला मला कधी जमलंय? पण मी श्रेयाला वाचून दाखवणार की नाही, याचं उत्तर मला एका ओळीत देता येईना. म्हणून हे पत्र. तुझे आईबाबा पुढच्या शनिवारी ऑकलंडला यायला निघताहेत, त्यांच्याकडे कुरियरने धाडते, त्यांच्या सामानातून हे पत्र आणि पुस्तकांचा गठ्ठा तुला पोचेल.

आधी पुस्तकांचं सांगते, ते सोपं आहे. लहान मुलासाठी मोठं पुस्तक घेताना मी मधलंच एखादं पान उघडते आणि मोठ्याने वाचते. दुकानात उभ्या उभ्या. लोक बघतात, बघू देत. जीभ अडखळली किंवा एका दमात वाक्य संपलं नाही, तर पुस्तक परत फळीवर. मनात वाचायची पुस्तकं वेगळी आणि तोंडाने वाचायची वेगळी. मग प्रकरणाचा शेवट बघते. शेवटी कुणी कड्याला लोंबकळत असेल तर ते पुस्तक मोठ्या मुलांचं. चार वर्षांच्या मुलीला दिवा मालवायच्या आधी सगळे घरी पोचलेले हवेत, भांडी घासून झालेली हवीत. संकट असावंच, नाहीतर गोष्ट कसली, पण ते हातमोजा हरवण्याएवढं असावं. पुस्तकात खाणं भरपूर असावं आणि अंथरुणं नीट घातलेली असावीत. कोण कुठे झोपतो, पांघरूण कसलं आहे, हे जो लेखक विसरत नाही त्याच्यावर विश्वास ठेवावा. आणि शेवटी उपदेश असेल तर तेवढी ओळ वाचूच नये. मुलांना तो आपोआप कळतो, आणि नाही कळला तरी काही बिघडत नाही.

तुझ्या मेसेजनंतर मी दादरला जाऊन आले. तिथल्या एका दुकानातल्या मुलाने मला विचारलं, ‘किती वर्षांचं मूल?’ चार म्हटल्यावर त्याने एका हाताने बोधकथा काढल्या आणि दुसऱ्या हाताने राक्षस. मी म्हटलं, राक्षस नको आणि बोधही नको, दोन्हींच्या मधलं काहीतरी दे. तो म्हणाला, ‘मॅडम, मधलं मग रंगवायचं येतं.’ हसू आलं मला. पण खालच्या फळीत एक सापडलं. होड्या ठेवायच्या शेडमध्ये राहणाऱ्या मांजरीचं पुस्तक आहे, आपल्याकडच्याच कुणीतरी इंग्रजीत लिहिलेलं. बारकी बारकी प्रकरणं. पावसाळ्यात होड्या ओढून घेतात तेव्हा मांजर रोज वेगळ्या होडीत झोपते, एवढंच घडतं. मी तिथल्या तिथे एक पान मोठ्याने वाचून पाहिलं. जीभ कुठे अडखळली नाही. तो मुलगा मात्र मला म्हणाला, ‘मॅडम, पाणी देऊ का?’

दुसरं गाढवाचं. ते तुझ्याही वेळी होतं, फाउंटनच्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतून रघुकाकांनी घेतलं होतं. म्हातारा पोस्टमास्तर आणि त्याचं गाढव डोंगरापलीकडे टपाल नेतात. त्यात धुक्याचं एक प्रकरण आहे, तिथे श्रेया थोडी बिचकेल. बिचकू दे. तू तिला जवळ घेऊन बस, म्हणजे झालं.

आणि तिसरं उंदरांच्या गल्लीचं. हे माझं शाळेतलं बक्षीस. बेकरीच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या उंदरांचं बिऱ्हाड, सगळ्यांची मिळून एक चूल, कुणी नवीन राहायला येतो, कुणाचा मुरंबा उतू जातो. पहिल्या पानावर सिस्टरची तिरकी सही आणि खाली ‘वक्तृत्व, पहिला क्रमांक’. आम्ही फणसवाडीत राहायचो, पण शाळा अशी की मराठी बोललं की वर्गाबाहेर. सिस्टर मला व्यासपीठावर उभी करायच्या आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या. माझा आवाज तिथपर्यंत पोचला की मान हलवायच्या, नाही पोचला की बोट वर करायच्या. दुसरं काही शिकवलं नाही त्यांनी, पण तेवढं पक्कं शिकवलं. घरी बाबा आणि मी. आई मला आठवतही नाही. त्यामुळे मला कुणी मांडीवर घेऊन काही वाचलं असेल, तर ते माझ्या कानात राहिलेलं नाही. मी वाचायला शिकले ती लांबच्या माणसाला ऐकू जावं म्हणून.

मग ऑफिसात रघुकाका भेटले आणि मी लालबागला आले. बाबा म्हणाले, ‘काट्याचमच्याने जेवणारी पोरगी तू, तिथे सुकट निवडशील?’ निवडली. सासूबाईंनी, तुझ्या मीराआजीने, शिकवली. सगळ्या मजल्याला मी म्हणजे ‘इंग्लिश वहिनी’. मूल आम्हाला झालं नाही. ते तुला माहीत आहे, आणि त्यावर लिहिण्यासारखं नवीन काही नाही. पण तुझी आई हॉस्पिटलात पाळीवर जायला लागली, तुझे बाबा शिवडीच्या गोदामातून सातच्या पुढे यायचे, आणि एका दुपारी शेजारच्या खोलीतून रश्मी तुला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, ‘वहिनी, आजचा दिवस बघाल का?’ तो आजचा दिवस पाच वर्षं चालला.

पहिल्या दिवशी तू रडून घर डोक्यावर घेतलंस. माझ्याकडे मुलांचं म्हणावं असं एकच पुस्तक, उंदरांचं. ते इंग्रजी आणि तुला येत होती ती फक्त चाळीतली मराठी. मी वाचता वाचता मराठी करायला लागले. पहिल्याच प्रकरणात एक पिल्लू रडतं आणि त्याची आई म्हणते ‘हश’. मला शब्द सुचेना. शाळेत सिस्टर ‘सायलेन्स’ म्हणायच्या, त्याचं मराठी मी केलं ‘गप्प’. तेही शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात. तू दचकलीस आणि दुप्पट रडायला लागलीस. चुलीपाशी मासे साफ करत बसलेल्या मीराआजीने मान वर केली. ‘अगो, पोराक गप काय म्हणतंस? गप पोलीस म्हणतंत. रडणाऱ्या पोराक उगी म्हणूचा असता.’ मी म्हटलं, उगी म्हणजे? त्या उठल्या. मग हात धुतले, पदराला पुसले, तुला माझ्या मांडीवर नीट सरकवलं आणि तुझ्या पाठीवर थोपटत म्हणाल्या, ‘उगी, उगी.’ आणि मला म्हणाल्या, ‘आणि आवाज खाली घे. लेकरू मांडीयेर आसा, शेवटच्या बाकार नाय.’ सिस्टरांची गोष्ट मीच कधीतरी त्यांना मोठ्या अभिमानाने सांगितली होती.

त्यानंतर उंदराची आई ‘उगी’ म्हणायला लागली. मग गाढवाला पोस्टमास्तरही तेच म्हणायला लागला. तो शब्द मी तिशी ओलांडल्यावर शिकले, गं. माझ्या सगळ्या वाचनात माझा असा एवढाच एक शब्द, आणि तोही मीराआजीचा. म्हणून तू लिहितेस ना, ‘तुझ्यासारखं जमत नाही’, ते मला पटत नाही. माझ्यासारखं असं काही नव्हतंच. मी कुणाचं तरी ऐकून म्हटलं, आता तू माझं ऐकलेलं म्हण.

तुझे बाबा आठवतात का संध्याकाळी येताना? दारातच थांबायचे. एक चप्पल पायात, एक काढलेली, हातात रिकामा डबा. मी पुस्तक मिटायला लागले की म्हणायचे, ‘वहिनी, संपू दे प्रकरण, मी उभा आहे.’ काकांची वेताची खुर्ची पुढे केली तरी गौतम कधी बसला नाही. ‘कपड्यांना गोदामाची धूळ आहे’ म्हणायचा. आणि रघुकाका आतल्या बाजूला पेपर धरून. आपण वाचत असताना त्यांच्या पेपरचं पान कधी उलटलं नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मीराआजी त्यांना चिडवायच्या, ‘रघू, उंदराचा वाचतंस काय पेपरात?’

आणि तो यू-जी-आयचा दिवस. पहिलीत तुला इंग्रजी वाचता यायला लागलं, तसं तू उंदरांचं पुस्तक एकटी घेऊन गॅलरीत बसलीस. थोड्या वेळाने आलीस ती गाल फुगवून. ‘मावशी, यात खरवस कुठे आहे? मला नाही दिसत.’ तिथे पुडिंग होतं, मी त्याचा खरवस केला होता. ‘आणि उगी कुठे आहे?’ तू यू, जी, आय अशी तीन अक्षरं बोटाने प्रत्येक ओळीत शोधली होतीस. मी म्हटलं, ते आत असतं, छापलेलं नसतं. तू ते मनावर घेतलंस. पुढच्याच आठवड्यात शाळेत बाईंनी रडणाऱ्या बाळाला काय म्हणतात ते इंग्रजीत लिहा सांगितलं आणि तू लिहून आलीस, ‘Ugi’. लाल गोल पडला. तर तू बाईंशी भांडलीस, ‘इट इज इन माय बुक, मिस.’ रश्मीची दिवसपाळी होती, म्हणून शाळेत मी गेले. बाई मला इंग्रजीत म्हणाल्या की घरी मुलीशी शुद्ध भाषेत बोलत जा. मी त्यांना माझ्या सिस्टरांच्या इंग्रजीत सांगितलं की मुलीने भाषा बरोबर लिहिली आहे, फक्त लिपी चुकली आहे. त्या गप्प झाल्या. पोलीसवाल्या गप्प. घरी येऊन सांगितलं तर मीराआजी हसून हसून खोकायला लागल्या. ‘माझो शब्द इंग्रजी शाळेत गेलो,’ म्हणाल्या, आणि दिवसभर जो येईल त्याला तेच सांगत होत्या.

आता चाळ नाही, तिथे टॉवर आहे, हे तू फोटोत पाहिलंस. मीराआजी चाळीतच गेल्या. टॉवरची किल्ली मिळायच्या आधीच, भाड्याच्या घरात, रघुकाका गेले. मी सतराव्या मजल्यावर एकटी. घर छान आहे गं, उजेड आहे, खिडकीतून लांबवर शिवडीची खाडी दिसते आणि थंडीत तिथे फ्लेमिंगो येतात तेव्हा पाण्याच्या कडेला गुलाबी रेघ दिसते. पण दार बंद केलं की बंद. चाळीत भिंतीला पाठ लावली तरी पलीकडच्या घरच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता यायच्या. इथे लिफ्टमध्ये माणसं भेटतात, ती वर आकड्यांकडे बघतात. कित्येक दिवस असे जातात की माझ्या तोंडातून बाहेर पडणारे शब्द म्हणजे सामान आणणाऱ्याला सांगायचे ओटीपीचे आकडे. जुने शेजारी कुणी खारघरला, कुणी बदलापूरला. तुझी आई आधी दर रविवारी फोन करायची, मग कधीमधी. हल्ली मी तिचेही फोन घेत नाही, नुसतेच मेसेज करते. ती विचारते, ‘वहिनी, मोबाईल बिघडलाय का?’ मी हो म्हणते.

तुझं ‘तूच वाच’ आलं, तेव्हा खरं सांगू, मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच दोन डबे पुसून ठेवले. कुणीतरी मला वाच म्हणतंय, हे ऐकून किती वर्षं झाली होती. मग वाटलं, सराव नाही, आधी थोडं वाचून बघावं. भिंतीला वाचून दाखवायला कसंतरी वाटलं, म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, शनिवारी पाच वाजता खालच्या हॉलमध्ये मी लहान मुलांना मोठी गोष्ट थोडी थोडी वाचून दाखवणार आहे. कुणीतरी अंगठा दाखवला. कुणीतरी विचारलं, ‘यात फॉनिक्स कव्हर होतं का?’ म्हणजे अक्षरांचे उच्चार शिकवणार का. शनिवारी एक मुलगी आली, नवव्या मजल्यावरची सुरुची, पाच-सहा वर्षांची, आणि तिला सांभाळणाऱ्या गंगुबाई. गंगुबाईंनी बसल्या बसल्या डुलकी काढली. सुरुची बूट न काढता सतरंजीच्या अगदी कडेवर बसली. मी उंदरांचं पहिलं प्रकरण घेतलं. थोड्या वेळाने म्हणते, ‘आजी, विलन कधी येणार?’ मी म्हटलं, यात विलन नाहीच. ‘मग एंड कसा होणार?’ मी म्हटलं, सगळे जेवतात आणि झोपतात. ती विचार करत म्हणाली, ‘असं तर आमच्या घरी पण होतं. पण पप्पा मी झोपल्यावर येतात.’ त्यानंतर ती हळूहळू पुढे सरकत माझ्या गुडघ्यापाशी आली.

पिल्लू रडतं त्या पानावर आले आणि मला ‘उगी’ म्हणता येईना. तोंड उघडलं, ओठ हलले, पण आवाज खरडल्यासारखा फाटून आला, आणि दुसऱ्या वेळी आलाच नाही. मी पाणी प्यायले, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. आई उंदीर, पिल्लू, बेकरीवाला, सगळे एकाच म्हाताऱ्या घोगऱ्या आवाजात बोलत होते. सुरुची वर बघून म्हणाली, ‘आजी, तुम्ही बफर होताय.’ मी हसले, तर हसण्याचाही आवाज नीट आला नाही. तिने स्वतःच पुस्तक मिटलं आणि म्हणाली, ‘नेटवर्क आलं की बोलवा.’ मग दादरच्या दुकानातल्या मुलाने पाणी का विचारलं होतं, तेही कळलं.

म्हणून गेल्या महिन्यात मी दुसरंच काम केलं. तिन्ही पुस्तकं पुढ्यात घेऊन पेन्सिलीने समासात लिहीत गेले. इंग्रजी ओळीशेजारी आपली ओळ. इथे खरवस, इथे घावणे. इथे पोस्टमास्तरचा आवाज तुझ्या बाबांसारखा काढ. इथे थांब, तिला पान उलटू दे. इथे तिने प्रश्न विचारला तर उत्तर दे, गोष्ट कुठे पळून जात नाही. तुझी मराठी आता स्वयंपाकघरापुरती उरली, असं तू म्हणतेस. या पुस्तकांना तेवढीच लागते. त्यात सगळं घडतं ते चुलीपाशी आणि अंथरुणात. तू चुकशील, एखादा शब्द आडवा येईल, मग श्रेया हसेल. हसू दे. मी गप्प म्हणाले होते, माझ्याहून वाईट काय म्हणणार आहेस?

आता उत्तर देते. नाही, नूपुर, मी श्रेयाला वाचून दाखवू शकणार नाही. सुरुची बोलली त्याच आठवड्यात मी परळला जाऊन घसा दाखवला. डॉक्टरांनी विचारलं, ‘आवाज कधीपासून बसलाय?’ मी म्हटलं, माहीत नाही. ‘घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?’ मी म्हटलं, घरात मीच असते आणि मी स्वतःशी मोठ्याने बोलत नाही. त्यांनी मान खाली घालून लिहायला घेतलं. गाठ आहे, नको ती आहे, आणि काढायची म्हणजे स्वरयंत्र सगळंच काढावं लागणार आहे. येत्या गुरुवारी. ते तरुण डॉक्टर भले आहेत, माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, ‘घाबरू नका मावशी, तुम्ही वाचाल.’ आणि मी, बघ, किती वेडी, त्यांना विचारलं, ‘आवाज नसताना कशी वाचणार?’ क्षणभर त्यांना कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा दोघांनाही हसावं की काय ते समजेना. तुझ्या आईचे फोन मी का घेत नाही ते आता तुला कळेल; इतकी वर्षं हॉस्पिटलात काढलेली बाई, तिने माझा ‘हॅलो’ ऐकून ओळखलं असतं आणि तिकीट रद्द केलं असतं. श्रेयाला आजीआजोबा पहिल्यांदा इतके दिवस मिळताहेत. तुला हे पोचेल तेव्हा ऑपरेशन झालेलं असेल, सोसायटीच्या सेक्रेटरीबाई सोबत येणार आहेत, आणि तू धावत यायचं नाहीस. फोनवर मला ऐकायचा तुझा हट्ट मी मुद्दामच पुरवला नाही. तुझ्या कानात माझा जुना आवाज आहे, श्रेयाला वाचताना तुला तोच लागणार आहे. मी मरायला निघालेली नाही, फक्त काही वस्तू आवाजाच्या सोबतीच्या होत्या, त्या ज्याच्या त्याला देऊन टाकते. उंदरांचं पुस्तक श्रेयाला. घामाच्या डागावर तिचा तळहात ठेवून बघ, मावतो का. गाढवाचं तुझ्या बाबांना दे, प्रवासाचा शीण गेल्यावर त्यांना श्रेयासाठी रोज एक प्रकरण वाचायला सांग, त्यांनी ते कायम दारातूनच ऐकलंय. इथे परत आल्यावर काकांची वेताची खुर्चीही गौतमचीच. आता बस म्हणावं, धूळ केव्हाच गेली. रश्मीला मीराआजीची पितळी परात, आणि माझ्यावर रागवायची पूर्ण मुभा. निळी सतरंजी गठ्ठ्याला गुंडाळली आहे, ती तुझी. होडीतल्या मांजरीच्या पुस्तकाची मी एक जादा प्रत घेतली होती, ती सुरुचीच्या दारात ठेवली, वर चिठ्ठी लावून की एंड चांगला आहे, पप्पांना वाचायला सांग. आणि ‘उगी’ तुला. मीराआजी तो शब्द मोठ्या माणसांनाही म्हणायच्या, ‘उगी रव’, म्हणजे शांत राहा. तेवढा अर्थ मी माझ्याकडे ठेवून घेते, आता मी उगी राहणार. बाकीचा सगळा तुझा. यू, जी, आय असा शोधू नकोस, छापलेला नाही. धुक्याच्या प्रकरणात श्रेया तुझ्या कुशीत शिरेल, तिथे पाठीवर हात ठेवून म्हण. आवाज खाली घेऊन.

तुझीच,
वैदेहीमावशी